पॅरिशच्या म्युझिक डिरेक्टरनं नेमकं करायचं काय?

वसईहून लग्न होऊन गोव्यात बार्देशला आलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. माहेरी ती चर्चमधल्या मराठी मिस्साला, म्हणजे उपासनेला, कीबोर्ड वाजवायची, इथल्या फादरना ते कळलं आणि त्यांनी दोन मिनिटांत तिला पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चची, म्युझिक डिरेक्टर करून टाकलं. आता ती विचारते की काम नेमकं काय, गाणी निवडायची, वाजवायचं, कॉयरला, म्हणजे गाणाऱ्या गटाला, शिकवायचं की सगळंच, शिवाय इथली कोकणी रोमी, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या, लिपीत त्यामुळे वाचताना अडखळायला होतं, फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, बाहेरून वेगळेच वादक येतात, आमची भजनाच्या चालीची गाणी इथे चालतील का, आणि नोटेशन शिकू का.

बाय, मी वयानं बराच मोठा म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. माझी शाळा सावंतवाडीला मराठीत झाली आणि पुढचं सगळं आयुष्य गोव्यातल्या चर्चांच्या माडीवर ऑर्गनपाशी गेलं, त्यामुळे तुझी अडचण दोन्हीकडून कळते.

आधी मुख्य गोष्ट सांगतो. तुझं काम म्हणजे बाकांवर बसलेल्या माणसांना गायला लावणं. कॉयर, कीबोर्ड, माईक हे सगळं त्यासाठी. बऱ्याच ठिकाणी उलटं चालतं, कॉयर वर छान गाते, खाली लोक हात बांधून ऐकतात आणि मिस्सा झाल्यावर येऊन सांगतात की आज मस्त झालं हां, आणि कॉयरही खूश. तसं कौतुक झालं की मला शंका येते, लोक गायले असते तर कॉयर ऐकायला त्यांना सवड कुठून मिळाली असती?

हे माझ्या मनाचं नाही. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज १९६३ च्या डिसेंबरात आला आणि त्यानंतर ५ मार्च १९६७ ला संगीतावर वेगळी सूचना निघाली, 'मुसिकाम साक्राम' नावाची. ती शोधून वाच, फार मोठी नाही. त्यात मिस्सात काय गायचं त्याच्या तीन पायऱ्या सांगितल्यात, आणि गंमत म्हणजे आपण सगळे तिसऱ्या पायरीपासून सुरू करतो. पहिल्या पायरीत येतात फादर आणि लोक यांच्यातले संवाद, म्हणजे सुरुवातीचं अभिवादन आणि त्याला उत्तर, शुभवर्तमानाच्या वेळचे प्रतिसाद, प्रेफेसच्या, म्हणजे वेदीवरच्या महाप्रार्थनेच्या सुरुवातीच्या, आधीची सवालजबाबासारखी तीन वाक्यं, मग 'पवित्र पवित्र', महाप्रार्थनेच्या शेवटचा आमेन, आणि प्रभूची प्रार्थना. दुसऱ्या पायरीत दया कर, ग्लोरिया म्हणजे देवाच्या गौरवाचं गीत, देवाचं कोकरू वगैरे. प्रवेशाचं गाणं आणि कम्युनियनचं, म्हणजे ख्रिस्तप्रसाद घेतानाचं, गाणं, ज्यांच्यावर कॉयरचा सगळा जीव आणि प्रॅक्टिसचा सगळा वेळ जातो, ती तिसऱ्या पायरीवर. आणि पहिली पायरी पूर्ण गायल्याशिवाय पुढच्या पायऱ्या गायच्या नाहीत असं तिथे स्पष्ट आहे. म्हणजे चार आवाजांतलं झकास कम्युनियनचं गाणं बसवलंय पण आमेन मात्र लोक पुटपुटतात, हे घराला रंग आधी आणि पाया नंतर असं झालं.

म्हणून पहिले सहा महिने नवीन गाणी अजिबात आणू नको. एक 'पवित्र', एक आमेन, एक आलेलुया, तेच तेच दर रविवारी, लोकांना कंटाळा येईपर्यंत, कारण लोकांना कंटाळा यायला लागला म्हणजे पाठ झालं. कॉयरला त्याच्या कितीतरी आधी कंटाळा येईल, तिकडे लक्ष देऊ नको.

फादरबरोबर एकदा निवांत बस आणि त्यांना गाता येतं का ते बघ. बरेच फादर गायला घाबरतात, खरं कारण एवढंच असतं की सूर कुठून पकडायचा ते कळत नाही. त्यांनी तोंड उघडायच्या आधी ऑर्गनवर पूर्ण कॉर्ड दाबू नको, कॉर्डमध्ये तीन सूर असतात आणि घाबरलेला माणूस नेमका चुकीचा उचलतो. एकच सूर, हळू, बासरीच्या आवाजात, दोन सेकंद, आणि सोडून दे. तो सूरही त्यांच्या बोलण्याच्या आवाजाच्या आसपासचा असू दे. मग ते गातात आणि लोक आपसूक उत्तर देतात.

पट्टीचं तर विचारू नको, इथेच निम्मी मिस्सा बिघडते. कीबोर्डवाल्याला सोयीची किंवा आपल्या सोप्रानो मुलीला शोभणारी पट्टी धरतात आणि खाली पुरुष मंडळी गप्प होतात किंवा एक सप्तक खाली गुरगुरतात. लोकांसाठी वरची हद्द म्हणजे वरची पांढरी दोन, डी. क्वचित एखादा सूर त्याच्या वर गेला तर चालेल पण तिथे थांबायला लावू नको. सकाळी साडेसहाच्या मिस्साला तर त्याहूनही अर्धा-एक सूर खाली घे, त्या वेळी कुणाचा गळा उघडलेला नसतो. पुस्तकात छापलंय त्याच पट्टीत वाजवलं पाहिजे असा काही नियम नाही.

आता आपल्या गोव्याच्या चर्चचा एक खास त्रास. जुन्या चर्चांत कॉयरची जागा मागे, मुख्य दारावरच्या माडीवर, ज्याला इथे कोर म्हणतात. वेदीपासून तीस मीटर तरी लांब. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे तू वाजवलेला सूर पुढच्या बाकांपर्यंत पोचायला सेकंदाचा जवळपास दहावा भाग लागतो, आणि ते गायलेलं तुझ्याकडे परत यायला तेवढाच. तुला वाटतं लोक मागे पडले, म्हणून तू थांबतेस, तू थांबलीस म्हणून ते आणखी सावकाश होतात, आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत गाणं रेंगाळायला लागतं. लोक आळशी आहेत म्हणून असं होत नाही. उपाय एकच, खालचं ऐकून वाजवायचं नाही, आपल्या लयीत पुढे जायचं, आणि प्रत्येक कडव्याआधी नीट एका श्वासाची जागा सोडायची, सगळीकडे सारखीच, म्हणजे लोकांनाही कळतं कधी सुरू करायचं. त्यात जाड चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, उंच छत, आवाज घुमतच राहतो, म्हणून जलद गाणी तिथे चिखल होतात. आणि ध्रुवपदाला कॉयरचे माईक कमी कर, जमल्यास बंदच. स्पीकरमधून मोठा आवाज आला की माणसाला वाटतं आपल्या गाण्याची गरज नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. कीबोर्डमधला तयार रिदम, तो ढिशटिक-ढिशटिक, तो मिस्सात लावू नको, कितीही तरुण मुलांनी सांगितलं तरी, त्या रिदमला लोकांसाठी थांबता येत नाही, श्वास घेता येत नाही.

गाणी निवडणं हा कामाचा भाग आहे, पण ते रविवारी सकाळी माडीवर पुस्तक चाळून करायचं काम नव्हे. त्या रविवारची वाचनं बुधवारपर्यंत वाचून ठेव, वाचनांचं चक्र तीन वर्षांचं आहे त्यामुळे एकदा वही नीट केलीस की तीन वर्षांनी तीच वही उपयोगी पडते. पहिल्या वाचनानंतरचं प्रतिसादाचं स्तोत्र कधी सोडू नको आणि त्याच्या जागी दुसरं गाणं घालू नको, रोमन मिस्सलच्या, म्हणजे मिस्साच्या अधिकृत पुस्तकाच्या, सूचनांत ते साफ नाकारलंय. एकटा माणूस, वाचनाच्या स्टँडपाशी, कॉयरच्या माडीवरून नव्हे, आणि लोकांना फक्त एक ओळ. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आलेलुया नाही, ग्लोरियाही नाही, मात्र १९ मार्चला संत जोसेफच्या सणाला ग्लोरिया असतो, नाताळआधीच्या आगमनकाळातही ग्लोरिया नसतो पण ८ डिसेंबरला असतो, तिथे हमखास गडबड होते. उपवासकाळात वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून, मधे मधे नुसतं वाजवत बसायचं नाही, अपवाद चौथा रविवार आणि मोठे सण. पवित्र गुरुवारी ग्लोरियाला घंटा वाजतात आणि त्यानंतर ईस्टरच्या जागरणातल्या ग्लोरियापर्यंत ऑर्गन फक्त गाण्याला टेकू देण्यापुरता. मी तर त्या मधल्या वेळात ऑर्गनचं झाकणच लावून ठेवतो, बिनवाद्याचं गाणं लोकांना जमतं, त्यांना फक्त कुणीतरी सुरुवात करून द्यावी लागते.

रोमीचं म्हणशील तर घाबरण्यासारखं काही नाही. 'गायनांचो झेलो' हे इथल्या गाण्यांचं पुस्तक घरी आण आणि रोज एक गाणं स्वतःच्या हातानं देवनागरीत उतरव. एक्स दिसला की श, आणि शब्दाच्या शेवटी एम असला की बहुतेक वेळा ओठ मिटायचे नाहीत, आवाज नाकात सोडायचा, दोन टी लागून आले की ट. महिनाभरात सवय होते. पण कॉयरसमोर शेवटी रोमीच वाचायला लाग, कारण बाकीच्यांच्या हातात तेच पुस्तक असणार, आणि 'तिसऱ्या पानावर, वरून दुसरी ओळ' असं म्हटल्यावर तुला ती दिसली पाहिजे.

बाहेरचे वादक आणि फेस्त. इथे जरा इतिहास लागतो. पोर्तुगीज काळात इथे प्रत्येक पॅरिशची शाळा असायची आणि तिथे एक मेस्त्र मुलांना सोल्फेजो, म्हणजे नोटेशन पाहून सूर गाणं, आणि व्हायोलिन शिकवायचा. चर्चचं संगीतही तोच बघायचा, मिस्सा, वेस्पर म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, लदीन म्हणजे क्रूसापाशी किंवा घरात गायची लॅटिन प्रार्थना, मयत सगळं. मुंबईच्या सिनेसंगीतात जे गोंयकार अरेंजर आणि वादक गेले ते बहुतेक याच मेस्त्रांच्या हाताखालचे. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, १९२७ चा जन्म, त्यांचे वडीलही चर्चचे मेस्त्रच. तर आता तू ज्या खुर्चीवर बसलीयस ती ही अशी आहे. या शाळा पुढे मागे पडल्या, लॅटिन जाऊन कोकणी आली, पण फेस्ताला दोन व्हायोलिन, क्लॅरिनेट, कधी डबल बास, आणि लॅटिनमधलं काहीतरी पाहिजेच ही हौस शिल्लक राहिली. फेस्ताचा खर्च ज्या घराकडे असतो ते घर बरेचदा वादक आणतं आणि पैसेही तेच देतं, तिथे अपमान मानून घ्यायचं कारण नाही. फक्त एक अट फादरकडून घालून घे, 'पवित्र', आमेन आणि प्रभूची प्रार्थना रोजचीच राहील. बाकी त्यांना वाजवू दे. वर्षातून एक दिवस क्लॅरिनेट ऐकून कुणाचं नुकसान झालेलं नाही, खरं सांगायचं तर मला स्वतःला फार आवडतं.

फेस्ताआधीच्या नवेनाचे, म्हणजे प्रार्थनांचे, नऊ दिवस मात्र तुझे आहेत. नऊ दिवस वेगवेगळे प्रवचनकार येतात, प्रत्येक दिवसाचं वाड्यांमध्ये वाटप असतं आणि प्रत्येक वाड्याला वाटतं आपल्या दिवशी वेगळी गाणी हवीत. ऐकू नको. नऊ दिवस प्रवेशाचं आणि कम्युनियनचं गाणं एकच ठेव, नवव्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून आलेलेसुद्धा गातात.

आणि एक विनंती, जुनं कपाट उघडून बघ. उपवासकाळात पासांच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या, संध्याकाळी, क्रूस खांद्यावर घेतलेल्या ख्रिस्ताची मूर्ती बाहेर निघते तेव्हा जे लॅटिन मोतेत, म्हणजे छोटी भक्तिगीतं, म्हणतात, त्यांचे हातानं लिहिलेले कागद अजून बऱ्याच ठिकाणी माडीवरच्या कपाटात आहेत, आणि वाळवी त्यांच्यावर आपल्या आधी पोचते. बहुतेकांवर रचणाऱ्याचं नाव नसतं, गावच्याच कुठल्यातरी मेस्त्रानं केलेलं असतं. बरेचदा प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा, सगळे एकाखाली एक लिहिलेला स्कोर नाही, आणि एखादा कागद गायब. आधी मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढ, मग गावातल्या जाणत्या माणसाला गायला लाव आणि रेकॉर्ड कर, नोटेशन सावकाश लिहिता येईल. आधी वय झालेली माणसं गाठ, कागद त्यांच्यानंतर.

कॉयरची माणसं. इथे चार आवाजांचं गणित जमवत बसू नको. टेनर, म्हणजे वरच्या आवाजाचा पुरुष, बोटीवर जातो, सहा-आठ महिन्यांनी परत येतो, बास, म्हणजे खालच्या आवाजाचा, पोर्तुगीज पासपोर्ट काढून युरोपात जातो तो परत येतच नाही, दहावी-बारावीची मुलं मार्चमध्ये गायब. म्हणून दोन आवाजांत बसव, तिसरा आला तर बोनस. एक वयस्क काकी असतील ज्यांचा आवाज सगळ्यांच्या वर जातो आणि अर्धा सूर खाली असतो. त्यांना काढायचं नाही, खरंच काढायचं नाही, गावात राहायचंय तुला, त्यांना लदीनचं पुढारपण दे, क्रूसाकडे किंवा घराघरांत लदीन म्हणतात तिथे असाच खणखणीत आवाज लागतो आणि अख्खं लॅटिन त्यांना तोंडपाठ असतं. तू त्यांच्याकडून शिकच. लदीन संपल्यावर चणे मिळतात, मोठ्यांना थोडी फेणी.

कुणी म्हातारा कुरकुरला की बाई कशी काय म्युझिक बघणार, तर त्यात थोडं तथ्य होतं पण जुनं. २२ नोव्हेंबर १९०३ ला पोप दहावे पायस यांनी संगीतावर जो हुकूम काढला त्यात बायकांना कॉयरमध्ये घ्यायला मनाई होती, चर्चमध्ये पियानोलाही मनाई होती. १९६७ च्या त्याच सूचनेत नुसत्या बायकांची कॉयरसुद्धा चालेल असं लिहिलंय. विषय संपला.

लग्नं आणि मयत. लग्नासाठी नियम फादरच्या सहीनं कागदावर लिहून घे आणि लग्न ठरवायला येतील तेव्हाच हातात द्यायला ऑफिसला सांग, लग्नाच्या आधीच्या शनिवारी नव्हे. सिनेमातली गाणी हॉलमध्ये, चर्चमध्ये नाही. भाड्यानं आणलेला गायक असेल तर त्याची यादी पंधरा दिवस आधी. एवढं केलं की नव्वद टक्के भांडणं मिटतात, उरलेली वधूच्या आईची असतात. मयताला मात्र वेळ मिळत नाही, सकाळी घंटा वाजते आणि चार वाजता मिस्सा असतो, तेव्हा कामाच्या दिवशी तुझ्याकडे कुणी नसेल. म्हणून सगळ्या गावाला पाठ असलेली चार-पाच गाणी एका फायलीत कायमची लावून ठेव, आणि ती वर्षानुवर्षं बदलू नको. रडणारी माणसं नवीन गाणं गात नाहीत.

आता वसईची गाणी. चालतील, पण थोडं थांबून. ग्लोरिया, 'पवित्र', प्रभूची प्रार्थना यांचे शब्द मंजूर झालेलेच असले पाहिजेत, ते आपल्या मनानं बदलता येत नाहीत. कम्युनियननंतरचं किंवा अर्पणाचं गाणं कोकणी शब्दांत, भजनाच्या चालीवर, हार्मोनियम-तबल्यासह, फादरना विचारून एखाद्या रविवारी करून बघ. १९६३ च्या त्या दस्तऐवजातच आहे की ज्या लोकांची स्वतःची संगीतपरंपरा आहे तिला योग्य जागा द्यावी. इथे कुणी म्हणालं की हे आमचं नव्हे, तर वाद न घालता सांग की फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज मिशनरी १५७९ ला गोव्यात आले आणि त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ ला इथल्याच रायतूरला छापलं गेलं, मराठीत, ओव्यांत. सुरुवात मात्र दोन ओव्यांनी कर, एकदम आख्खं भजनी मंडळ उभं करू नको, तबल्याचा आवाज त्या घुमणाऱ्या छताखाली कसा लागतो ते आधी रिकाम्या चर्चमध्ये ऐक.

पैशाचं बोलायला तू लाजशील म्हणून मीच बोलतो. मानधन किती, कुठल्या मिस्सांचं, लग्नाचे पैसे तुझे की कॉयरच्या फंडाचे, कीबोर्डची दुरुस्ती कुणी करायची, हे आत्ताच ठरव आणि लिहून घे. फादरची काही वर्षांनी बदली होते, तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर जातं आणि नवीन फादरना काही ठाऊक नसतं. कीबोर्डचं म्हणशील तर पावसाळ्यात त्याला माडीवर उघडा ठेवू नको, दमट हवेनं कळांखालचे संपर्क गंजतात आणि ऑगस्टच्या फेस्ताला मधलाच एक सूर बोलत नाही. जुना हार्मोनियम असेल तर त्याच्या कपाटात कमी वॅटचा पिवळा बल्ब लावून ठेवतात, फडक्यापासून लांब, वायरिंग बघून.

शेवटी तू विचारलंयस नोटेशन शिकू का. शीक. कानानं वाजवून वसईत भागलं असेल, इथे मेस्त्रांचे कागद वाचायचे असतील तर भागणार नाही. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, पण बार्देशहून रोजचं जमत नसेल तर आधी फेस्ताला व्हायोलिन वाजवायला येणाऱ्यांपैकी सगळ्यात म्हाताऱ्याला गाठ आणि सोल्फेजो शिकवा म्हण. पैसे बहुतेक घेणार नाहीत, पण पहिले दोन-तीन महिने वाद्याला हात लावू देणार नाहीत, नुसते सूर वाचून गायला लावतील, तेवढं सोस.